सोडियमचा दिवा

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
हिंगणा रोडवरच्या आमच्या कॉलेजात
पोरं नाहीत, कूलर आहे,
मी आहे,
आणि चाळीस तासिका.

चाळीस तासिकांत भौतिकशास्त्र बसवायचं आहे,
एका स्कुटीवर पाच जण बसवावेत तसं :
व्यतिकरण पुढे उभं, विवर्तन त्याला चिकटून,
लेसर हँडल धरून ऐटीत,
पुंजयामिकी सगळ्यात मागे, एक पाय हवेत,
आणि अर्धवाहक अजून धावतायत मागून
थांबा, थांबा म्हणत.

ऊष्मागतिकी मागच्याच वर्षी उतरवली.
विभागप्रमुख म्हणाले, ती मेकॅनिकलवाले बघतील.
तेव्हाही वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं.
बाष्पीभवन म्हणजे काय
हे त्या खोलीत त्याच्याइतकं नीट
कोणीच सांगत नव्हतं.

बोरकुटे सर निवृत्त होताना
त्यांची वही देऊन गेले माझ्याकडे.
अनिश्चिततेच्या तत्त्वापाशी समासात लिहिलंय,
'इथे पोरं झोपतात. गोष्ट सांगावी.'
कुठली गोष्ट, ते लिहिलेलं नाही.
सहा वर्षं मी शोधतेय.

आणि कोरचीहून आलेली सिंधू मडावी,
शेवटच्या तासाला सगळे गेल्यावर
बेंचच्या कडेला नखाने रेघ ओढत म्हणाली,
मॅडम, इलेक्ट्रॉन लाट असते म्हणालात तुम्ही
ते मागच्या सोमवारी.
आत्ता कुठं मला ते खरं वाटायला लागलं होतं.
आणि सत्र संपलं.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी वाच की.
पुढच्या वर्षी तिला काँक्रीट होतं.

दुपारी प्रयोगशाळेत गेले.
नंदेश्वर साठ्याची मोजदाद करत होते,
गळ्यात ओला दुपट्टा, कानाला पेन्सिल.
त्यांचं कपाट मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.
घटकांप्रमाणे नाही, वर्णानुक्रमे नाही :
फुटणारं खाली,
हरवणारं कुलपात,
पोरं ज्याला घाबरतात ते डोळ्यांसमोर,
आणि सोडियमचा दिवा एकटाच
दाराजवळच्या टेबलावर,
आल्या आल्या हात जाईल असा.

हा इथं का?

'त्याले तापाले धा मिनटं लागतेत न, मॅडम.
ज्याले वेळ लागते त्याले पयले लावा लागते.
मंग हजेरी घ्या, वही तपासा, काई बी करा,
तो आपला आपला तापते.'

आणि बटण दाबलं.
आधी गुलाबी, लाजल्यासारखा,
मग नारिंगी, मग काही ठरत नसल्यासारखा.
आम्ही दोघं बघत उभे राहिलो
जणू काही पहिल्यांदाच.

मी तिथंच टेबलावर कागद पसरला.
पाचवा घटक बाणाने ओढून वर आणला, पहिला केला.
पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचं, लाट असते,
आणि सोडून द्यायचं.
पुढे लेसरला त्याची आठवण काढायची,
डायोडला काढायची,
न्यूटनच्या कड्यांमधल्या त्या काळ्या ठिपक्याला काढायची.
तोवर तापेल ज्याला तापायचं ते.

अभ्यास मंडळ म्हणेल, आधी सोपं हवं, मग अवघड.
म्हणतील ते.
त्यांना काय उत्तर द्यायचं, मला अजून सुचलेलं नाही.
सिंधूचं नाव सांगून चालत नाही तिथं,
आणि नंदेश्वरांचं तर नाहीच.

मान वर केली तेव्हा दिवा पूर्ण पिवळा झाला होता.
त्या उजेडात दुसरा रंगच उरत नाही :
नंदेश्वरांचा हिरवा दुपट्टा राखाडी,
आणि माझ्या लाल पेनाच्या सगळ्या खुणा
काळ्या, छापल्यासारख्या.

'बंद करू का, मॅडम? बिल येते.'

राहू द्या, म्हटलं.
पाच मिनिटं.